पोळपाटाखालचा कॅटलॉग

मी एक जुना कॅटलॉग आहे, मित्रांनो, आणि जुना व्हायला मला फक्त एक वर्ष लागले. माणूस साठ-सत्तर वर्षांनी म्हातारा होतो, कुत्रा बारा वर्षांनी. माझ्या पाठीवर मात्र छापतानाच '१९८१-८२' हे आकडे टाकले होते. म्हणजे जन्मलो तोच जायची तारीख अंगावर घेऊन. म्हणून असेल, पण मला कधी स्वस्थ बसवलेच नाही. वारा नसला तरी माझी पाने हलायची.

कॅटलॉग म्हटले की तुम्हांला दुकानातल्या वस्तूंची यादी आठवेल. मी तसा नव्हे. अमेरिकेत टेक्सास राज्यात ह्यूस्टन शहराजवळ एक कम्युनिटी कॉलेज होते. आसपासच्या कोणीही तिथे यावे, नोकरी आणि संसार सांभाळून दोन वर्षांचे विषय शिकावेत, आणि मग चार वर्षांच्या मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जावे, अशी ती सोय होती. त्या कॉलेजात काय काय शिकवतात ते सगळे माझ्या दोनशे बारा पानांत छापलेले होते. कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, शाई बोटाला लागणारी.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. माझ्या अंगभर अक्षरे होती, पण मला वाचता येत नव्हते. मी उशिरा शिकलो, आणि तेही दुसऱ्याचे बोट धरून.

ऑगस्ट महिन्यात कॉलेजच्या जिम्नॅशियममध्ये नावनोंदणी चालायची. आम्ही आठशे भावंडे दाराशी ढीग घालून पडलो होतो. कोणीही यावे आणि उचलून न्यावे. टेक्सासच्या त्या उकाड्यात एकाने माझ्या भावाचा पंखा केला. एकीने दुसऱ्या भावाला ओल्या गवतावर टाकले आणि वर बसून सँडविच खाल्ले. मी वरून तिसरा होतो. आता आपले काय होणार या विचाराने मी आतून फडफडत होतो.

तेवढ्यात लांब वेणी घातलेली एक बाई आली. तिने मला दोन्ही हातांनी उचलले. टेबलामागच्या मुलीला विचारले, "किती पैसे?"

"फुकट आहे, हनी."

"सगळं?"

"सगळं."

तिचा विश्वास बसला नाही. कोणी हाक मारून परत मागेल म्हणून ती दारापर्यंत झपाझप चालली. ती पद्मिनी. वय बत्तीस. अकोल्याला बी.कॉम.चे दुसरे वर्ष चालू असताना तिचे लग्न ठरले, आणि परीक्षेच्या आधी ती विमानात बसली. अर्धे राहिलेले शिक्षण तिला पायात रुतलेल्या काट्यासारखे होते. चालता येत होते, पण विसरता येत नव्हते. तिला हिशेबनीस व्हायचे होते, आणि त्यासाठी विद्यापीठाच्या बिझनेस कॉलेजात जायचे होते.

आम्ही शुगर लँड गावातल्या तिच्या घरी आलो. साखर कारखान्याची गोड, करपट हवा खिडकीतून आत येत होती. टेबलावर तिच्या मुलीची, वीणाची, तिसरीची पुस्तके मांडलेली होती आणि किराणा दुकानाच्या तपकिरी पिशव्या फाडून त्यांना कव्हरे घालणे चालू होते. वीणाची पुस्तके संपली तेव्हा पद्मिनीने मला पुढे ओढले.

"आई, दॅट्स नॉट इव्हन अ रिअल बुक!" वीणा म्हणाली.

"ज्यात शिकायचं लिहिलंय ते पुस्तकच," पद्मिनी म्हणाली. "बोट ठेव इथे. घट्ट."

कव्हर कसे घालावे हे तिला तिच्या वडिलांनी अकोल्याला शिकवले होते. कडा आत दुमडायच्या, कोपरे टोकदार करायचे, आणि नुसते अडकवायचे नाही, तर दुमडलेला भाग आतल्या बाजूला गोंदाने चिकटवून टाकायचा. असे कव्हर वर्षभर हलत नाही. वर तिने पांढरी चिठ्ठी लावली आणि सुंदर अक्षरात आपले नाव लिहिले. मित्रांनो, आठशे भावंडांत कव्हर फक्त मला मिळाले. मी फुगलो. माझ्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक चौकट छापलेली होती, आणि गोंदाने ती पुरती बंद झाली, हे मला जाणवलेसुद्धा नाही. जाणवणार कसे? मला वाचता कुठे येत होते!

रोज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पद्मिनी मला ओट्यावर उघडायची आणि एकेका शब्दाखाली बोट फिरवत मोठ्याने वाचायची. तिचे इंग्रजी पुस्तकातले होते, उच्चार सांभाळून करायची. त्या बोटामागून मी शिकलो. पहिला शब्द मला कळला तो 'अकाउंटिंग'. मग 'लॉ', मग 'स्टॅटिस्टिक्स'. दिवाळीपर्यंत मी स्वतःला सरळ वाचू लागलो. आणि एके दिवशी पानामागून पान वाचत मागे जाता जाता मी कव्हराखालच्या त्या चौकटीपाशी पोहोचलो.

तिथे लिहिले होते: 'ज्या विषयांपुढे काळा ठिपका आहे ते केवळ कामधंद्यासाठी आहेत. विद्यापीठात जाताना ते धरले जात नाहीत. शंका असल्यास काउन्सेलरला भेटा.'

त्या दिवसापासून मला चैन पडेना. ज्याला वाचता येते त्याला गप्प बसणे फार कठीण जाते, हे मला तेव्हा कळले.

ठिपके पद्मिनीला दिसले नव्हते असे नाही. तिने विचारलेही, पण कोणाला? त्या काळी ह्यूस्टनकडच्या मराठी मंडळींत काही अडले की सगळे नरेंद्र काकांकडे जात. काका चौसष्ट साली आलेले, रसायनशास्त्रातले डॉक्टरेट. घर घेताना, गाडी घेताना, मुलाला कान दुखतो तेव्हासुद्धा आधी काकांना फोन. दिवाळीच्या जेवणाला पद्मिनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या घरी घेऊन गेली.

"काका, काही विषयांपुढे हा असा ठिपका आहे. कशाचा असेल?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मला हातभर लांब धरले. "ठिपका? छपाईचं असेल काहीतरी. सोड."

"कॉलेजमध्ये विषय सुचवणारे काउन्सेलर आहेत. त्यांना विचारू?"

"अगं, काउन्सेलर ज्यांना प्रॉब्लेम आहे त्यांच्यासाठी असतात. तुला काय प्रॉब्लेम आहे? चंद्रशेखरचा?"

सगळे हसले. तिचा नवरा चंद्रशेखरही हसला. तो तेल कंपनीत इंजिनिअर होता. स्वयंपाकघरातून वसुधा काकू म्हणाल्या, "यांनी स्वतः कधी कम्युनिटी कॉलेजची पायरी चढलीय का, ते विचार आधी!"

"पायरी कशाला चढायची? लिफ्ट आहे तिथे," काका म्हणाले. "हे बघ पद्मिनी, आधी बुककीपिंग घे. बिझनेसवाल्यांना दुसरं काय लागतं? कॉमन सेन्स आहे."

बुककीपिंगपुढे ठिपका होता. काकांच्या बोटाखालीच होता. मी त्यांच्या हातात थरथरलो. काका म्हणाले, "एसी जरा कमी करा रे, पानं उडतायत."

काकांवर राग धरू नका. नव्याने आलेल्या कितीतरी माणसांना त्यांनी विमानतळावरून घरी आणले होते. पण ते स्वतः थेट डॉक्टरेटसाठी आलेले. आपण ज्या दारातून आत आलो नाही त्या दाराची माहिती आपल्याला नसते, एवढे त्यांना सुचले नाही. आणि आपल्या माणसाला सोडून परक्या काउन्सेलरला विचारणे पद्मिनीला काकांचा अपमान वाटला.

तिने बुककीपिंग घेतले. लाल पेन्सिलीने माझ्यावर बरोबरची खूण केली. पुढच्या, उन्हाळ्याच्या सत्रात तिने बिझनेस स्टॅटिस्टिक्स घेतले. तो विषय खरोखर अवघड होता आणि त्यापुढे ठिपका नव्हता. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती चाळीस मिनिटे गाडी चालवून जायची. मी शेजारच्या सीटवर. वाटेत थांबलेल्या गाड्यांच्या रांगेत ती सूत्रे पाठ म्हणायची. त्या विषयात तिला 'ए' मिळाला तेव्हा तिने इतक्या जोरात खूण केली की पेन्सिलीचे टोक दोन पानांतून आरपार गेले. ते भोक मी अजून मिरवतो.

पुढच्या ऑगस्टला नवा कॅटलॉग आला. गुळगुळीत मुखपृष्ठ, निळी शाई. पद्मिनीने त्यालाही तसेच कव्हर घातले, तसेच आत चिकटवले. त्याच्याही तोंडाला गोंद लागला. आणि मी?

मित्रांनो, आपल्या घरात कागद फेकत नाहीत. पण फेकत नाहीत म्हणजे वाचतातच असेही नाही. फॉर्मायकाच्या गुळगुळीत ओट्यावर पोळपाट सरकायचा, म्हणून एके दिवशी मला त्याच्या खाली घातले. रोज बारा-चौदा पोळ्या. दर पोळीला मी पुढे-मागे, पुढे-मागे. कव्हरावर पिठाचे थर बसले, तेलाचे डाग पडले, नाव दिसेनासे झाले, आणि खाली पुस्तक आहे हेच सगळे विसरले. हलत तर दिवसभर होतो, पण पोहोचत कुठेच नव्हतो. दोनशे बारा पानांत विद्यापीठाची स्वप्ने, आणि वर लाटणे.

एकेक करून बाकीचे विषय पुरे झाले, पद्मिनीने अर्ज केला, आणि जून १९८५ मध्ये विद्यापीठाचे पत्र आले. पद्मिनीने ते उभ्यानेच वाचले आणि तशीच उभी राहिली.

बिझनेस कॉलेज तिला घ्यायला तयार होते, पण तिचे दोन विषय धरता येत नव्हते. बुककीपिंग आणि स्टॅटिस्टिक्स. एक विषय कमी असता तर उन्हाळ्यात भरून काढता आला असता. दोन कमी म्हणजे या वर्षी प्रवेश नाही. आणि पुढचे वर्ष कोणी पाहिले होते? तेलाचा धंदा बसला होता, चंद्रशेखरच्या ऑफिसातले एकेक टेबल रिकामे होत होते. त्याची नोकरी गेली तर कुटुंब कोणत्या राज्यात जाईल हे देवालाही ठाऊक नव्हते.

तिने विद्यापीठात फोन लावला. मिसेस पेटिट नावाच्या बाई दुसऱ्या कॉलेजांतून आलेल्यांचे विषय तपासत. त्या म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजचा कॅटलॉग माझ्यासमोर आहे. दोन्ही विषयांपुढे काळा ठिपका आहे."

पद्मिनीचा हात कपाळाला गेला. "ठिपका! ठिपक्याचे विषय धरत नाहीत?"

"नाही."

"पण स्टॅटिस्टिक्सपुढे ठिपका नव्हता. मी शिकले तेव्हा नव्हता. मला पक्कं आठवतंय, मी ठिपक्यांबद्दल विचारलं होतं."

खरेच होते ते. पुढे कॉलेजने त्या विषयातले गणित काढून तो सोपा केला आणि मग त्याला ठिपका दिला. नाव तेच, क्रमांक तोच. मिसेस पेटिट यांच्यापुढे नवे पुस्तक होते.

"मग त्या वर्षीचा कॅटलॉग आणून दाखवा," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी पाचपर्यंत. नंतर यादी बंद होते."

तो मंगळवार होता. कॉलेजच्या ऑफिसात जुन्या प्रती नव्हत्या. कॉलेजचे ग्रंथालय नव्या इमारतीत चालले होते आणि सगळी पुस्तके खोक्यांत होती. शोधायला तीन आठवडे लागतील म्हणाले. घरी शोधाशोध सुरू झाली. कपाटे, पलंगाखालच्या पेट्या, गॅरेज. आणि मी तिथेच होतो मित्रांनो, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, ओट्यावर! दोन दिवस माझ्यावर पोळ्या लाटून, त्या घाईघाईने खाऊन, माणसे पुन्हा मलाच शोधायला धावत होती.

गुरुवारी संध्याकाळी चंद्रशेखर गॅरेजमधून धुळीने भरून आला. "मला वाटतं... एप्रिलमध्ये मी एक गठ्ठा बाहेर टाकला होता."

"कसला गठ्ठा?"

"कागद होते. जुने."

"तपकिरी कव्हराचं काही होतं त्यात?"

"पद्मिनी, या घरात सगळंच तपकिरी कव्हराचं आहे!"

ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "अहो, पहिल्यांदा अर्धं राहिलं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा मी दुसऱ्यांना दोष दिला. आता पुन्हा अर्धं राहिलं, तर कोणाला देऊ?" आणि ती मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसली.

वीणा दारात आली. "बाबा, आय अ‍ॅम हंग्री."

चंद्रशेखरने बाहेर पायरीकडे पाहिले आणि बाह्या दुमडल्या. जन्मात पहिल्यांदा त्याने लाटणे हातात घेतले. तव्यावरची पहिली पोळी करपली. तिचे काळे तुकडे ओट्यावर उडाले.

"बाबा, दॅट वन लुक्स लाइक टेक्सास."

"खा मग. आपलंच राज्य आहे."

दुसऱ्या पोळीला त्याने सगळे वजन टाकले. पोळपाट सरकला, मी निसटलो आणि उघडाच जमिनीवर आपटलो. माझ्यावर पीठ आणि करपलेले तुकडे पडले, आणि लगेच चंद्रशेखरचा पाय.

इथे दुसरा कोणी असता तर त्याने मला पायानेच बाजूला सारले असते. पण कागदाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे चंद्रशेखरच्या अंगात लहानपणापासून मुरलेले. मनात कितीही गोंधळ असला तरी तो वाकला. माझ्यावर हात टेकवला, कपाळाला लावला. हाताबरोबर कव्हरावरचे पीठ निघाले आणि खाली सुंदर अक्षरात पद्मिनीचे नाव दिसले.

"पद्मिनी!" तो असा ओरडला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "पद्मिनी, अगं, मी ह्याच्यावर पाय दिला!"

त्याने मला ओल्या फडक्याने पुसले. त्या ओलीने चार वर्षांचा गोंद सुटला, कव्हराची आतली कड उलगडली, आणि चौकट उघडी पडली. पद्मिनीने सवयीप्रमाणे बोट ठेवून ती मोठ्याने वाचली. एकेक शब्द. शेवटी ती खाली जमिनीवर बसली.

"चार वर्षं हे माझ्या हातात होतं," ती म्हणाली. "मीच चिकटवलं. मीच."

"काकांना नको सांगू. वाईट वाटेल."

"सांगणार. पण उद्या. आधी स्टॅटिस्टिक्सचं पान काढा."

शुक्रवारी दुपारी गाडीचा एसी बंद पडलेला. खिडक्या उघड्या, महामार्गावरचा गरम वारा, आणि माझी पाने वेड्यासारखी उडत होती. पद्मिनी एका हाताने चाक आणि एका हाताने मला धरून होती. चार वर्षे मी ज्या विद्यापीठाचे नाव अंगावर वागवले, ते त्या दिवशी पाहिले.

मिसेस पेटिट यांचा चष्मा साखळीला लटकलेला होता. त्यांनी मला उचलले, बोटे एकमेकांवर चोळली. "हे काय, पीठ?"

"हो. पोळ्यांचं."

पोळी म्हणजे काय हे त्यांनी विचारले नाही. पान उघडले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मॅडम, इथेही ठिपका आहे."

पद्मिनी खुर्चीतून उठली. आदल्या रात्री नव्हता, पण आता स्टॅटिस्टिक्सपुढे खरोखर एक काळा ठिपका होता. माझे मलाच कळेना. मी स्वतःला इतक्या वेळा वाचले होते! ती टेबलावर वाकून बघू लागली. मिसेस पेटिट यांनी पान खिडकीच्या उजेडात नेले, मग नखाने हळूच खरवडले. ठिपका निघाला आणि टेबलावर पडला. चंद्रशेखरच्या करपलेल्या पोळीचा कण होता तो, गाडीतल्या वाऱ्याने पानांतून घरंगळत तिथे येऊन चिकटलेला.

खाली स्वच्छ कागद होता.

मिसेस पेटिट यांनी सगळी माहिती वाचली, गणिताच्या भागावर पेन्सिल टेकवली, आणि म्हणाल्या, "हा विषय धरला. बुककीपिंग मात्र नाही धरता येणार. ते गेलंच."

"माहीत आहे," पद्मिनी म्हणाली. "काल वाचलं."

"त्याच्या जागी या उन्हाळ्यात अकाउंटिंग करा आणि ऑगस्टमध्ये या." मग त्या म्हणाल्या, "हे पुस्तक माझ्याकडे ठेवाल का? त्या वर्षीचे विद्यार्थी अजून येतात. त्यांच्याकडे दाखवायला काही नसतं."

पद्मिनीने मला उचलून छातीशी धरले. देताना तिने कात्री मागितली. सुटलेली आतली कड कापून टाकली, म्हणजे चौकट पुन्हा कधी झाकली जाणार नाही. बाकीचे कव्हर आणि नाव तसेच ठेवले. अशी माझी बदली झाली. तिच्याआधी दोन महिने मी विद्यापीठात दाखल झालो.

या गोष्टीला चार वर्षे झाली. चंद्रशेखरचे टेबल त्या हिवाळ्यात रिकामे झालेच, पण पद्मिनीच्या शिक्षणासाठी कुटुंब हलले नाही. सत्त्याऐंशी साली पदवीच्या दिवशी काळ्या झग्यातली पद्मिनी सगळ्यांना घेऊन मला भेटायला आली. नरेंद्र काकांनी चष्मा कपाळावर चढवून ती चौकट वाचली. "इतकं स्पष्ट तर लिहिलंय!"

"हो ना," वसुधा काकू म्हणाल्या. "कोणीतरी वाचायला हवं होतं."

आता म्हणे काका प्रत्येक जेवणात नव्या मुलांना बजावतात, "आधी काउन्सेलरला विचारा!" आणि तेही पूर्वीइतक्याच खात्रीने.

मित्रांनो, पुस्तकांना कव्हर जरूर घाला. कव्हर नसते तर मी कधीच फाटून गेलो असतो. पण गोंद लावण्याआधी आत काय छापले आहे ते एकदा वाचा. आणि जे कळले नाही ते त्या वाटेने गेलेल्या माणसाला विचारा. तो आपला असो की परका.

मला अजून स्वस्थ बसवत नाही. दाराशी कोणाची घाईची पावले वाजली, हातात घडी घातलेले पत्र दिसले, की मी फळीवर हलू लागतो. मिसेस पेटिट मला खाली काढतात. कधी हवे ते पान निघते, कधी नाही निघत. पण मला उघडले की अजूनही थोडे पीठ टेबलावर सांडते, आणि समोरचा माणूस, कितीही घाबरलेला असला तरी, क्षणभर त्या पिठाकडे बघून हसतो.